पावण्यांसाठी काळंभोर केलेलं भात

आमच्याकडं चांगल्या पिकाला कुणी हिरवं म्हणत न्हाय, काळं म्हणतात. "रान काय काळंभोर आलंय!" असं कुणी बांधावरनं जाता जाता म्हटलं की रानाच्या मालकाची छाती फुगलीच म्हणायची. माझ्या मालकांचीबी फुगते. म्हणूनच तर हे सगळं झालं.

माझं मालक म्हंजे बाबासो. सारी नोकरी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून काढली आणि रिटायर झाल्यावर गावाच्या खालतीकडं, ओढ्याला लागून, तीस गुंठं भाताचं रान घेतलं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात पाठ वाकवली. आमच्या घराण्यातलं हे पहिलं रान, तेव्हा मालकांना त्याचं किती कवतिक असंल ते मला कुणी सांगायला नको. पण कवतिकालाबी काय माप असतंय का न्हाय?

त्यांची मूळची सवयच तशी. गाडी डेपोतनं भाईर काढायच्या आधी काच पुसणार, बंपर पुसणार, साहेब तपासणीला येणार असला तर टायरसुद्धा धुणार. इंजिनाचं काय असंल ते असू दे, गाडी दिसायला चकाचक पायजे. रान घेतल्यावर तीच तऱ्हा. बांध तेवढा फडक्यानं पुसायचा ठेवला.

रान खरं करतोय माझा पोरगा, प्रसेनजीत. शिकला, पुण्याच्या कंपनीत काही दिवस काढून आला, तिथं जीव रमंना म्हणून परत गावाकडं. दोन म्हशी हायत, हे भात हाय. बोलायला लई कंजूस पोरगं. त्याच्या खिशात एक प्लास्टिकची पट्टी असायची. तिच्यावर हिरव्या रंगाचे तुकडे, फिकटापासनं गडदापर्यंत. सकाळी रानात जायचा, भाताचं पान त्या पट्टीवर धरायचा, आपल्या अंगाची सावली पाडून रंग जुळवायचा. पान फिकट निघालं तरच युरिया, आणि तोबी आमटीत मीठ घालावं तसा बेतानं.

"साडीवर मॅचिंग ब्लाऊज बघतोय जणू," मालक म्हणायचं.

पोरगं हसायचं आणि पट्टी खिशात घालायचं. त्यामुळं आमचं भात असायचं पोपटी, आणि शेजारी विजयसिंहाचं काळंभोर. सुगीला पोती जवळजवळ सारखीच भरायची, फवारणीचा ताप आम्हाला कमी. पण पोती घरात असतात, रान रस्त्यावरनं दिसतं. मालकांच्या डोळ्यांत ते पोपटीपण सलायचं.

आता लग्नाचं. प्रसेनजीतला स्थळं आली न्हाईत असं न्हाय. "पोरगा काय करतो?" "शेती." "बरं, कळवतो." ह्या 'कळवतो'चा अर्थ काय, ते ज्यांची पोरं लग्नाला आलीत त्या आयांना विचारा. फोन वाजला की मी पदराला हात पुसत पळायची आणि तो मोबाईल कंपनीचा फोन निघायचा.

मग प्रियदर्शनीचं स्थळ आलं. गारगोटीकडची, दवाखान्यात नर्स. कोल्हापुरात दोघं भेटली, बोलली. काय बोलली ते पोरानं सांगितलं न्हाय, पण दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढताना तो गाणं म्हणत होता. माझ्या पोराला गाणं येतंय हेच मला ठाऊक नव्हतं. ते थांबू नये म्हणून मी गोठ्याच्या दाराआड कळशी घेऊन तशीच उभी राहिले. हे जमलं न्हाय तर पोरगं मोडंल, असं त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं.

गणपतीच्या दिवसांत पोरीच्या बापाचा, बाळासोंचा फोन आला. "पोरगा आम्हाला पसंत हाय. पण नोकरी न्हाय, तेव्हा एकदा रान बघून घेतो. माझी थोरली बहीण झुंबरबाई येईल संगं. तिचा जन्म भातात गेलाय." यायचं ठरलं पितृपक्षात. गावात त्या पंधरवड्यात सोयरिकीचं कुणी तोंडातनं काढत न्हाय, पण आम्ही बौद्ध माणसं, आम्हाला त्याचं काय. उलट त्या दिवसांत भाड्याची गाडी लगेच मिळती.

त्याच आठवड्यात मुरगूडला माझ्या लेकीच्या, मोनाच्या घराचं पत्र्याचं काम निघालं आणि प्रसेनजीत तिकडं गेला. जाताना बापाला सांगून गेला, "आप्पा, पाणी तेवढं बघा. युरिया टाकू नका. भाताला आता गरज न्हाय."

"व्हय व्हय," मालक म्हणालं.

दोन दिवसांनी मी परड्यात गेलते तर युरियाचं रिकामं पोतं दोरीवर वाळत घातलेलं. खाली भिंतीला टेकवलेलं आणखी एक, अर्धं झालेलं. माझं डोकंच फिरलं.

"पोरगं काय सांगून गेलंय? कान हायत का न्हाईत?"

"अगं, पावणं येणार. पोपटी रान बघून म्हणतील पोरगं आळशी हाय, रानाला खायला घालत न्हाय."

"आणि खायला घालून पोट बिघडलं तर?"

"तू चुलीकडचं बघ. आठ दिवसांनी रान बघ आणि मग बोल."

आठ दिवसांनी रान बघितलं. खोटं कशाला बोलू, दिसायला लई देखणं झालतं. गडद, दाट, वाऱ्यावर हलताना डोळा ठरत नव्हता. विजयसिंह मोटरसायकल थांबवून म्हणाला, "बाबासो, यंदा आमाला मागं टाकलंसा की." मालक चार दिवस तेच वाक्य घरात घोळवत होतं.

प्रसेनजीत परत आला तो आधी रानात गेला. मी मागनं भाकरी घेऊन गेले. त्यानं एक पान बोटांत चोळलं. कोवळ्या भाजीवाणी लुसलुशीत झालतं ते. मग खाली बसून त्यानं भाताचा एक बुडखा हातानं फाकवला आणि आत बघत बसला.

"आप्पांनी किती टाकला?"

"दीड पोतं."

पोरगं बांधावर बसलं. भाकरी तशीच राहिली.

संध्याकाळी गोठ्यात मला म्हणाला, "आई, झाडाला युरिया लई झाला की पान मऊ पडतंय आणि आतला रस सकस होतोय. तुडतुडं तोंडाची सुई खुपसून तोच रस पितात. रस चांगला मिळाला की अंडी जास्त घालतात, पिल्लं भराभर वाढतात. त्यात भात दाट झालंय. खाली बुडख्याला ना वारं, ना ऊन. विजयसिंहाच्या रानात तुडतुडं हायतच, ते आता हिकडं येतील आणि इथंच राहतील."

"म्हंजे आपण भाताला वाढलं आणि पंगतीला बसलं तुडतुडं."

"तसंच."

दुसऱ्या दिवशी त्यानं रानातलं पाणी सोडून दिलं, बुडखं वाळावं म्हणून. मालकांनी जाऊन परत बांध घातला. कोरडं रान पावण्यांना दाखवायचं का म्हणून. त्यानं परत फोडला, त्यांनी परत घातला. मग मालक दुकानातनं जालीम औषधाची बाटली घेऊन आलं, तर पोरगं पंपाच्या आडवं उभं राहिलं. "ह्यानं कोळी मरतील. तुडतुडं खाणारं तेवढंच हाय रानात. ते मेलं तर राहिलेलं तुडतुडं दुप्पट वाढतील." झालं. बाप-लेकाचं बोलणं बंद. एकाच ताटाच्या अंतरावर बसून 'त्याला सांग', 'आप्पांना सांग'. मी काय पोस्टमन हाय का, म्हणून मी दोघांनाबी आमटीशिवाय भात वाढला.

पावणं यायच्या आदल्या आठवड्यात रानाच्या मधोमध सुपाएवढा डाग पडला. पिवळा, मग तपकिरी, करपल्यावाणी. बघता बघता तो खळ्याएवढा झाला. तुडतुड्यांनी रस पिऊन झाडं उभ्या उभ्या वाळवलती.

मालकांनी एस.टी.चा रूट ठरवावा तसा रूट ठरवला. पावण्यांना वरच्या वाटेनं न्यायचं, जांभळीखाली थांबवायचं, तिथनं दाट भाताआड डाग दिसत न्हाय, आणि तसंच परत घरी चहाला. प्रसेनजीतनं ते सगळं ऐकलं. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला.

पावणं आलं. जयभीम झालं, पोहे झालं. बाळासो मऊ स्वभावाचा माणूस. झुंबरबाई साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या, डोळे बारीक करून बघायची सवय. जांभळीखाली उभं राहिल्यावर बाळासो म्हणालं, "लई काळंभोर आलंय हो."

मालक खुलले. "पोराची मेहनत."

झुंबरबाईंनी चपला काढल्या, ओचा खोचला आणि सरळ रानात उतरल्या.

"आक्का, चिखल हाय, आत कशाला जातासा?" मालक घाबरंघुबरं झालं.

"भात चिखलातच असतंय की."

त्यांनी वाकून एका बुडख्याला तळहातानं दोन चापट्या मारल्या. खालच्या पाण्यावर तीळ सांडावेत तसे तुडतुडे पडले. मग त्या पुढं गेल्या, दाटी फाकवत, थेट त्या डागापर्यंत. तिथं उभ्या राहून त्यांनी चारी बाजूंनी बघितलं.

परत येऊन त्यांनी पाय धुतले आणि विचारलं, "एवढा युरिया कुणी टाकला?"

आणि माझं पोरगं, ज्यानं इतके दिवस बापाशी उभा दावा मांडलाता, ते म्हणालं, "मी टाकला."

"कशाला?"

"पावणं येणार म्हणून."

"म्हंजे आमच्या डोळ्यांसाठी."

"व्हय."

झुंबरबाई भावाकडं वळल्या. "बाळासो, पोरगा दिसण्यावर जातोय. लोकांपुढं मिरवायला घरचं भात जाळणारा माणूस. आपल्या पोरीचं कसं व्हायचं ते तू बघ." आणि चपला घालून वाटेला लागल्या. बाळासोंनी आमच्याकडं बघायचं टाळलं.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. तोंड उघडणार तेवढ्यात मालक पुढं झालं आणि वाटेत आडवं उभं राहिलं.

आता ह्या माणसाची एक गोष्ट सांगायला पायजे. सारी नोकरी गाडी चालवली, पण ओरखडा पडला तर समोरच्याची चूक, उशीर झाला तर रस्त्याची चूक, आणि घरात भात करपला तर माझी चूक. 'माझं चुकलं' हे ह्यांच्या तोंडून मी संसारात कधी ऐकलं न्हाय.

"आक्का, पोरगा खोटं बोलतोय," मालक म्हणालं. "युरिया मी टाकला. त्यानं टाकू नका म्हणून बजावलतं. तो गावाला गेला आणि मी टाकला. त्यानं पाणी सोडलं, ते मी अडवलं. त्याच्या खिशात पट्टी हाय बघा, पानाचा रंग बघूनच तो खत घालतोय. मी त्याची चेष्टा करत होतो." मालकांनी रानाकडं हात केला. "माझ्या बापाला रान नव्हतं. पावण्यांनी बघावं आणि म्हणावं, बाबासोचं रान हाय, एवढंच माझ्या मनात होतं. त्याची शिक्षा पोराला नको."

वाऱ्यानं जांभळीची पानं हलत होती. झुंबरबाईंनी एकदा बापाकडं बघितलं, एकदा लेकाकडं. त्यांना आणखी काही विचारायचं होतं असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, कळवतो."

गाडी गेली. मी केलेलं सगळं जेवण तसंच पडलं. मालक जेवले न्हाईत, प्रसेनजीत जेवला न्हाय, आणि पहिल्यांदाच मला कुणावर ओरडावं तेच कळंना. मालकांनी रानात युरिया न्हाय टाकला, सात पिढ्यांची हौस एका दिवसात टाकली असं मला सारखं वाटत होतं. भाताला बिचाऱ्याला ती पेलली न्हाय. राग येत होता आणि त्याच माणसाची कीवबी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर मालक घरात न्हाईत. रानात जाऊन त्यांनीच बांध फोडलाता. प्रसेनजीत गेला तेव्हा ते पाण्याच्या तोंडाशी उकिडवे बसलेले.

"आता काय करायचं?" त्यांनी लेकाला विचारलं. मध्ये मला न घालता.

"बांबू घ्या."

मग दोघं कामाला लागले. मधनंमधनं बांबूनं ओळी दोन्हीकडं दाबायच्या, भातात भांग पाडावा तशा वाटा पाडायच्या, म्हंजे बुडख्याला वारं लागतंय, ऊन पोचतंय. डागाच्या कडंला जिथं तुडतुडं फारच होतं, तिथं प्रसेनजीतनं बेतानं औषध मारलं, फक्त बुडख्यावर. बाकीचं कोळ्यांवर सोडलं. बोलणं एवढंच, "आप्पा, हिकडनं," "जरा हळू." पण बोलत होते.

फोन काही आला न्हाय. आठ दिवस झाले, दहा झाले. प्रसेनजीतनं विषय काढला न्हाय. धार काढताना नुसता दुधाचा आवाज यायचा.

दसरा तोंडावर आलता. मी अंगणात शेणी थापत बसलेले, कोपरापर्यंत हात बरबटलेले, आणि दारात एक स्कूटी थांबली. चालवत होती प्रियदर्शनी. मागं झुंबरबाई, डोक्यावर पदर घट्ट धरून.

"अगं बाई, फोन तरी करायचा," मी म्हटलं.

"फोन केला असता तर तुम्ही परत रान सजवलं असतंसा," झुंबरबाई म्हणाल्या. "कुठं हायत बाप-लेक?"

मी तशीच, हात न धुता, त्यांना रानात घेऊन गेले. वरच्या वाटेनं न्हाय, खालच्या. तिथनं सगळं दिसतं. करपलेलं कापून काढलेला तो मोकळा डाग, वाकवलेल्या ओळी, मधल्या वाटा, इथं तिथं पिवळेपणा. मालक मांडीपर्यंत चिखलानं माखलेले, अंगावर फाटकी बंडी. पोरीला बघून त्यांनी बांबू आडवा धरला, जणू त्याच्याआड लपता येणार होतं.

"पोरी, आज रान बघण्यासारखं न्हाय," ते म्हणाले.

"म्हणूनच आले, आप्पा."

तिनं आप्पा म्हटलं ते माझ्या कानात घुमत राहिलं. मालकांनाबी ते ऐकू गेलं असणार, कारण ते एकदम खाली बघायला लागले.

प्रसेनजीत बांधावर आला. तिनं त्याला सगळ्यांसमोरच विचारलं, "आत्यानं सांगितलं मला. तुम्ही खोटं का बोललात?"

"आप्पांची मान खाली जाईल म्हणून."

"माझ्या बाबतीत असं करू नका. माझं चुकलं तर मी सांगीन. आप्पांनी सांगितलं तसं." मग तिनं हात पुढं केला. "ती पट्टी बघू."

त्यानं खिशातनं पट्टी काढून दिली. तिनं जवळचं एक पान पट्टीवर धरलं. उन्हात रंग नीट दिसंना, तेव्हा प्रसेनजीत तिच्या बाजूला सरकला आणि त्यानं पानावर सावली पाडली. पान अजून सगळ्यात गडद तुकड्याशीच जुळत होतं.

"रंग अजून उतरला न्हाय," ती म्हणाली.

"वेळ लागतोय त्याला. चौथाई तरी भात जाईल. बाकीचं वाचंल असं वाटतंय."

झुंबरबाईंनी एका बुडख्याला चापटी मारून बघितलं. पाण्याऐवजी आता खाली ओली माती होती. तिच्यावर थोडेच तुडतुडे पडले आणि एक कोळी तुरुतुरु पळत गेला. त्या हुं म्हणाल्या. त्यांचं एवढं म्हणणं पुष्कळ होतं.

मालकांना धीर आला. चिखलातनंच म्हणालं, "उतरंल की पोरी रंग. चांगलं पोपटी झालं की परत बघायला ये."

"परत बघायला न्हाय येणार," प्रियदर्शनी म्हणाली.

मालकांचा चेहरा एवढासा झाला.

"कापणीला येईन," ती म्हणाली. "बाबांनी लग्नाची तारीख काढायला सांगितलंय."

मालकांनी बांबू चिखलात उभा खुपसला आणि तोंड धुऊन येतो म्हणून ओढ्याकडं गेले. तोंडाला चिखल नव्हता. बराच वेळ आले न्हाईत, आणि आम्हीबी कुणी बघायला गेलो न्हाय.

त्या दिवशी घरात गोडाचं काहीच नव्हतं. भाकरी, वांग्याचं कोरड्यास आणि ताक, एवढ्यावर पावण्यांचं जेवण झालं. सांजच्याला स्कूटी गेल्यावर गोठ्यातनं गाणं ऐकू आलं. ह्या खेपेला मी दाराआड उभी राहिले न्हाय. आत गेले, म्हशीच्या पाठीवर हात टाकला आणि पोराला म्हटलं, "जरा मोठ्यानं म्हण. तुझ्या बापालाबी ऐकू जाऊ दे."